उतारशाळेचा हिशेब

रुग्णालयाच्या दारात आजारी माणसाला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, काय होते आहे? दुसरा, तुम्ही कुठले? पहिला प्रश्न वैद्याचा, दुसरा खजिनदाराचा. दोन्ही विचारावे लागतात हे मान्य. परंतु त्यांचा क्रम कोणता असावा हा नीतीचा प्रश्न आहे. घर सोडून कामामागे निघालेल्या माणसाच्या बाबतीत तो जितका बोचरा होतो, तितका अन्य कोणाच्या बाबतीत होत नसेल. ज्याचे गाव मागे राहिले आणि नवे गाव अजून ज्याचे झाले नाही, तो आजारी पडला तर त्याचा भार कोणी उचलावा?

बुलढाणा जिल्हा या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी भोगतो, म्हणून आम्ही तो डोळ्यांपुढे ठेवीत आहोत. हा बहुतांशी कोरडवाहू शेतीचा मुलूख. कापूस-सोयाबीनचा हंगाम आटोपला की घाटावरच्या लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतली माणसे पुण्या-मुंबईची वाट धरतात. घाटाखालची माणसे मलकापूर-नांदुऱ्याला रेल्वेत बसून भुसावळमार्गे सुरतेकडे जातात. त्याच वेळी सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूरकडचे मजूर जळगाव जामोदच्या बाजूला उतरत असतात. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाच्या माळरानावरून गेला, तेव्हा त्याच्या कामावर तर फार दूरदूरची माणसे आली. एका दाराने माणसे जातात, दुसऱ्या दाराने येतात. जाणारा जेथे पोहोचतो तेथे तो परकाच असतो, आणि येणाऱ्याला आपण परका म्हणतो.

त्यात आणखी एक दुःख आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत पसरलेला आहे. तेथील भूगर्भातले पाणी खारट, आणि तेथील कित्येक गावे मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेली. हा विकार एका दिवसाचा नव्हे. रक्त शुद्ध करून घेण्यासाठी रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राशी बांधून घ्यावे लागते, आणि ते जन्मभर. असा रुग्ण मुलाच्या पाठोपाठ परमुलखात गेला, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न भाड्याच्या खोलीचा नसतो. बुधवारचे काय, हा असतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ च्या अखेरीस ती बुलढाण्यासह सर्व राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी पिवळी व केशरी शिधापत्रिका हा तिचा परवाना होता. पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही सातबारा पाहून आत घेण्यात आले. त्या चौदांत बुलढाणा आहे. २०२३ च्या निर्णयाने तर सर्व शिधापत्रिकाधारकांना, आणि शिधापत्रिका नसलेल्या परंतु अधिवासाचा दाखला असलेल्या कुटुंबांनाही, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचे छत्र मिळाले. त्याच वर्षी राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. तेथे अधिवास विचारीत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

आता सातपुड्यापलीकडून आलेल्या एखाद्या मजुराची कल्पना करू. अधिवासाच्या दाखल्याला राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. हा तर दिवाळीनंतर आला आहे. शिधापत्रिका काढावी, तर गावाकडच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला हवा. म्हणजे येथला व्हायचे असेल तर त्याने प्रथम तेथला असण्याचे थांबले पाहिजे! पण मृग निघाला की त्याला आपल्या दोन एकरांत परतायचे असते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ पासून देशभर कोठल्याही संलग्न रुग्णालयात चालते खरी. पण ती मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेच्या यादीवर उभी राहिली. यादीत नाव असेल तर तो तरला. नसेल, आणि मूळ राज्याने आपल्या खर्चाने त्याला छत्र दिले असेल, तर ते छत्र बहुधा राज्याच्या वेशीवर मिटते. संग्रामपूरहून सुरतेला गेलेल्या आपल्या माणसाचीही नेमकी हीच गत होते. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेने गहू-तांदूळ मजुरामागोमाग परमुलखात नेला. औषधाला ती वाट अजून पुरती सापडलेली नाही.

परंतु याच राज्याने एक अपवाद केला आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली त्या अपवादात आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने रस्ते अपघात विमा योजना मंजूर केली. राज्याच्या हद्दीत रस्त्यावर जखमी झालेला कोणीही, तो कोणत्याही राज्याचा वा देशाचा असो, पहिल्या बहात्तर तासांच्या उपचाराला पात्र ठरला. मर्यादा तीस हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये ती एक लाख झाली. मजूर-वाहतुकीची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीड-तढेगाव परिसरात, समृद्धीच्या कामावरचे मजूर लोखंडी सळया भरलेल्या टिप्परमधून चालले होते. तो उलटला आणि तेरा जण ठार झाले. अशा प्रसंगी जखमीला कोणी अधिवास विचारू नये, हे शासनालाही पटले. रक्त दिसत होते. मग ज्याचे रक्त दिसत नाही, आतल्या आत बिघडते आहे, त्याला मात्र पंधरा वर्षे का विचारावीत?

येथे आम्हांला संत लूकच्या शुभवर्तमानातील यरीहोची वाट आठवते. याजक आणि लेवी वळसा घालून गेले, यावर प्रवचने पुष्कळ होतात. उतारशाळेच्या चालकावर प्रवचन आम्ही क्वचितच ऐकले आहे. खरे तर त्या दाखल्याचा शेवट त्याच्याशीच होतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या, हे झाले पहिल्या दिवसाचे काम. बहात्तर तासांचे म्हणा. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दीनार दिले. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दीनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ही दोन रोजांची रक्कम झाली. एवढ्यावर जखमी बरा होणार नाही हे त्याला कळत होते, म्हणून पुढे जो खर्च होईल तो परतताना भरून देण्याचे वचन त्याने दिले. दया येथे हिशेबात शिरली. शिवाय जखमी मनुष्य कुठला, हे त्या कथेत कोणी विचारीत नाही आणि आपल्यालाही अखेरपर्यंत सांगितले जात नाही. जात-मुलूख सांगितला आहे तो फक्त मदत करणाऱ्याचा, आणि तो त्या वाटेवर परका होता.

आमच्या मते विमा म्हणजे हा उतारशाळेचा हिशेब होय. उद्याच्या दुखण्याची रक्कम आज कोणालाच ठाऊक नसते; तरी ती भरली जाईल असे कोणीतरी आधी म्हणून ठेवावे लागते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो निव्वळ कंजूषपणाचा नाही. सामाईक निधीला कुंपण नसेल, तर आजारी पडल्यावरच लोक त्यात शिरतील आणि निधी बुडेल. खाजगी विमा कंपन्या जुन्या आजारासाठी तीन-तीन वर्षे थांबवतात ते याच भयाने. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नवागताला आलेला महिना आणि त्यापुढे आणखी दोन महिने सार्वजनिक आरोग्यविम्याची वाट पाहावी लागते, हे त्यांनी घरी कळवलेले असेल. त्या तीन महिन्यांत मुलाला ताप आला तरी येथे आईच्या जिवाला घोर लागतो. तीन महिन्यांची तक्रार करणाऱ्या आपण पंधरा वर्षांची अट मुकाट्याने वाचून जातो, हे जरा विचित्रच.

आक्षेपाचे उत्तर मात्र द्यायला हवे. नवागत रिकाम्या हाताने येतो, हे गृहीतच चुकीचे आहे. काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर तो येथे कर भरतो. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चाच्या किमान एक टक्का उपकर बसवला, आणि ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. म्हणजे मजुराने रचलेल्या प्रत्येक भिंतीतून त्याच्या नावाचा पैसा निघतो. पण नोंदणीसाठी मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. आज मेहकर, महिन्याने जालना, पुढे आणखी कोठे अशी ज्याची फिरती, त्याला ते नव्वद दिवस कोणी लिहून द्यावेत? निधी आहे, माणूसही आहे. मध्ये सही नाही.

माणूस पदरचा की परका, हे ठरवण्याचे आपले माप सोयीप्रमाणे लवचिक असते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकाच्या सीमाभागातील ८६५ मराठी गावांना फुले योजना लागू करण्याचे ठरवले. आम्ही त्याचे स्वागतच करतो. तेथील लोक आपले आहेत. तथापि भाषेच्या नात्याने राज्याची वेस ओलांडता येत असेल, तर श्रमाच्या नात्याने ती का ओलांडता येऊ नये? पोप तेविसावे योहान यांच्या १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात आजारपणातील संरक्षण आणि स्थलांतर हे दोन्ही माणसाचे हक्क म्हणून सांगितले आहेत. पहिला हक्क गावी ठेवूनच दुसरा बजावायचा, असे त्यात कोठे नाही.

उपाय कल्पनेतले नाहीत. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत तीस रुपये नोंदणी भरून पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचे छत्र मिळे. रक्कम तुटपुंजी होती. पण स्थलांतरित मजुराला आपले कार्ड विभागून घेता येत असे. एक भाग घरच्यांपाशी राही, दुसरा त्याच्या खिशात परमुलखात जाई. माणूस दोन ठिकाणचा असू शकतो, हे ते कार्ड समजून होते. आज आयुष्मान भारतमध्ये प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड असते. उणीव आहे ती यादीबाहेरच्यांची. राज्यांनी परस्परांच्या योजनांतील माणसे स्वीकारून मागाहून हिशेब मिटवावा, आणि मजुराची नोंद नव्वद दिवसांनी नव्हे, हजेरीपटावर नाव चढेल त्या दिवशी व्हावी, एवढ्याने पुष्कळ साधेल. नवी नोंदवहीसुद्धा घालावी लागणार नाही. मुकादमाची वही रोज संध्याकाळी भरली जाते, आणि उचलीची वजावट तिच्यावरूनच, दिवस मोजून केली जाते.