अवधूताची वाकळ



मार्गशीर्ष लागला की कृष्णाकाठची थंडी हाडांत शिरते आणि घरोघरी माळ्यावरच्या वाकळा उन्हात पडतात. कुणी गोधडी म्हणतो, कुणी वाकळ, कुणी चौघडी. पलीकडे कानडी मुलखात तिला कौदी म्हणतात. बंगालात तिचेच नाव कांथा. हा शब्द संस्कृत ‘कंथा’ या शब्दातून आला असे मानतात, आणि तो आपल्या फार जवळचा आहे. कंथा म्हणजे चिंध्या जोडून शिवलेले पांघरूण. झोळी, कमंडलू, भस्म आणि कंथा, एवढाच अवधूताचा संसार. आपण जे माळ्यावर टाकतो ते आपल्याच संप्रदायात अंगावर मिरवायचे वस्त्र आहे. यंदाच्या दत्तजयंतीला त्याच वस्त्राविषयी थोडे बोलायचे आहे.

निमित्त असे. काकडआरतीनंतर आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी मंदिराच्या ओट्यावर बसतो. तिथे एक वाक्य नेहमी कानावर येते, ‘आता आपल्याला नवीन काय सुचणार?’ कुणी पूर्वी चित्रे काढीत असे, कुणी पदे रचीत असे, कुणाचे नुसते अक्षरच मोत्यासारखे होते. सगळ्यांचे थांबलेले. स्फूर्ती वरून उतरते आणि ती तरुणांच्याच घरी उतरते, असा एक समज होऊन बसला आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस, उभी नोकरी बँकेत आकडे लिहिण्यात गेली. प्रतिभेवर बोलण्याचा माझा अधिकार किती, हे मला ठाऊक आहे. पण वाकळ शिवताना मी जवळून पाहिली आहे आणि अवधूताचे आख्यान अनेकदा वाचले आहे. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते.

माझी पत्नी जाऊन चार वर्षे झाली. तिच्या सुती साड्या कपाटात तशाच होत्या. दोन इरकली, एक फिकट निळी वॉइल, बाकी रोजच्या. मुलींना त्या नेसवत नव्हत्या आणि कुणाला देववतही नव्हत्या. एका नातेवाइकाने सुचवले, बोहारणीला द्या, एखादे पातेले येईल. सुचवण्यात वाईट काही नव्हते. बँकेत डेड स्टॉकचे रजिस्टर असते. जुन्या खुर्चीवर दरवर्षी घसारा लावत लावत तिची किंमत १ रुपयावर आणून ठेवतात. खुर्ची मात्र तिथेच असते, आणि बहुतेक वेळा तिच्यावर कुणीतरी बसलेलाही असतो. आमच्या कपाटाचे तसेच झाले होते.

मग आमची अक्का आली. माझी थोरली बहीण, वय ७८. कपाट उघडून ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘अरे, या कापडात अजून किती जीव आहे! कात्री आण बघू.’ मी कात्री आणून दिली आणि बाहेर जाऊन बसलो. कापड फाडल्याचा तो पहिला आवाज ऐकवत नाही. ज्यांच्या घरी असे कपाट आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मी आत बसू लागलो. अक्का प्रत्येक साडी उजेडाला धरून बघे. साडी सगळीकडे सारखी विरत नाही. बसण्याची जागा आधी विरते, काठ आणि पदर टिकतात. टिकलेले वर घ्यायचे, विरलेले पोटातल्या थरांना लावायचे. टाकायचे काहीच नाही. जुनेर, धडपा, पटकूर, फडके, चिंधी असे आपल्या भाषेत जुन्या कापडाला जितके शब्द आहेत तितके नव्याला नसतील. आमच्या आयाबायांचे लक्ष कुठे होते ते यावरून कळते.

तुकडे निघाले. ते फरशीवर मांडून अक्का गप्प बसली. एक दुपार अशीच गेली. मला वाटले, सुचत नाही बहुतेक. संध्याकाळी तिने इरकलीचा लाल तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला. ‘तिथं ओरडत होता,’ म्हणाली. मग हिरवे कापड कमी पडले. तिथे तिने जुन्या पिवळ्या परकराची पट्टी लावली, आणि आज ती वाकळ जो पाहतो तो त्या पिवळ्या पट्टीवरच बोट ठेवतो. ती पट्टी आधी कुणी योजली नव्हती. कमतरतेतून ती आली. अक्काला हे बोलून दाखवले तर ती हसली आणि म्हणाली, ‘हिरवं पुरलं असतं तर मला कुठलं सुचायला!’

आता अवधूताकडे वळू. भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत हे आख्यान आहे. श्रीकृष्ण ते उद्धवाला सांगतात. यदुराजाला वाटेत एक तरुण, निश्चिंत अवधूत भेटतो. राजा विचारतो, जग कामलोभाच्या वणव्यात होरपळत असताना तुम्ही असे आनंदात कसे? परंपरेने हा अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू. उत्तरात ते एका गुरूचे नाव घेत नाहीत, २४ गुरू सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य इथपासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत. त्यांत अजगर आहे, पतंग आहे, पिंगला नावाची गणिका आहे, बाण घडवणारा कारागीर आहे.

ही यादी आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, म्हणून तिच्यातले नवल आता आपल्याला जाणवत नाही. जरा अक्काच्या नजरेने बघा. पृथ्वीकडून घेतली फक्त क्षमा. कन्येकडून काय घेतले? पाहुण्यांसाठी ती साळ कांडत होती, बांगड्या वाजू लागल्या, म्हणून एकेक उतरवत हातात एकच ठेवली. अवधूताने तिच्याकडून तेवढीच एक बांगडी उचलली. पिंगलेचे सगळे आयुष्य घेतले नाही. आशा सुटल्यावर तिला जी झोप लागली, तेवढी एक रात्र घेतली. कपोत पक्षी मोहापायी जाळ्यात गेला, म्हणजे त्याचे वागणे त्याज्यच. तोही गुरू. साडीचा कोणता भाग विरला आहे हे कळणे हेसुद्धा कळणेच आहे. कुठे कापायचे याला आपण विवेक म्हणतो. अख्खे ठाण कुणाकडूनच मिळत नाही. प्रत्येकाकडून वीतभर मिळते, आणि ते वीतभर घ्यायला डोळा लागतो.

माधुकरीचाही हाच कायदा आहे. गाणगापुरी आजही भक्त पाच घरी भिक्षा मागतात. एका घरी पोट भरून जेवायचे नाही, प्रत्येक दारचा एक घास. मधमाशी हाही २४ गुरूंपैकी एक, आणि माधुकरी हे नावच तिच्यावरून आले. झोळीत पाच घरचे अन्न एक होते, कंथेत पाच घरचे कापड. गुरुचरित्रात तंतुकाची कथा आहे. तो जातीचा विणकर. रोज मठाचे अंगण झाडायचा, आणि महाराजांनी त्याला क्षणात श्रीशैल्याला नेऊन मल्लिकार्जुनाचे दर्शन घडवले. कापडाशी हात लावणारी माणसे आपल्या ग्रंथात अशी अधूनमधून भेटतात. मला ती फार आवडतात.

दुसऱ्या मार्गातही हेच दिसते. बौद्धांच्या विनयग्रंथात आहे की भगवान बुद्धांनी मगध देशातली बांध घातलेली शेते पाहिली आणि आनंदाला विचारले, भिक्षूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तशी करून दाखवली. नमुना आकाशातून पडला नाही, शेताच्या बांधावरून उचलला. इकडे उत्तर कन्नडात हळियाळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले लावतात. त्या फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. पांघरायला त्या फुलांचा उपयोग काय? काही नाही. पण हात तिथे थांबत नाही.

आता टाक्याविषयी, कारण नुसते तुकडे गोळा करून वाकळ होत नाही, गाठोडे होते. आमच्यापैकी पुष्कळांचे वाचन असे गाठोडेच असते, दहा ग्रंथांतली दहा वाक्ये. खाली अख्खे कापड अंथरायचे, मध्ये विरलेले थर, वर तुकडे. कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायचा, काठाकाठाने फिरायचे, कोपरा आला की वळायचे, आणि असे फेऱ्या घेत घेत आत मध्यापर्यंत जायचे. देवळाला प्रदक्षिणा घालत गाभाऱ्याकडे यावे तसे. विरलेले कापड एकटे असेल तर बोटाने फाटते. पण तांदळाएवढा टाका वीतभरात पंधरा-वीस वेळा पडला की ताण सगळ्या थरांत वाटला जातो, आणि तेच कापड पुढे कितीतरी हिवाळे काढते. ऊबसुद्धा कापडापेक्षा दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेची जास्त असते. वायू हा गुरू उगीच नाही!

टाका घालताना अक्का बोलत नाही. बाहेर लग्नाची वरात गेली तरी मान वर करीत नाही. बाणकाराची गोष्ट आठवा. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, त्याला पत्ताच नाही. आणि दोरा? कोळी आपल्या पोटातूनच तंतू काढतो, असे अवधूत सांगतात. तुकडे बाहेरून मिळतात. दोरा मात्र आपला आपल्यालाच काढावा लागतो. माझ्या मते नाम हा तो दोरा. कुणी त्याला लक्ष म्हणेल, कुणी प्रेम म्हणेल, माझी हरकत नाही.

इथे नाथमहाराजांची आठवण होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, थोर दत्तभक्त. हिशेबात एका पैची चूक होती, ती शोधत एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. आम्हा बँकवाल्यांना ही कथा जरा जास्तच आवडते, कारण ताळा न जुळल्याने रात्री उशिरापर्यंत थांबणे काय असते ते आम्ही जाणतो. त्याच एकनाथांनी पुढे या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि शके १४९५, म्हणजे इ.स. १५७३ मध्ये, काशीला ती पूर्ण केली. पैएवढा तुकडाही टाकायचा नाही, हे ज्याला हिशेबात जमले त्याला ग्रंथातही जमले.

कुणी म्हणेल, गीतेत तर जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यायला सांगितले आहे. बरोबर. पण ते वस्त्र टाकणाऱ्या आत्म्याच्या बाजूने सांगितले आहे. मागे राहिलेल्या वस्त्राचे काय करायचे, हा मागे राहिलेल्यांचा प्रश्न आहे. आणि अवधूत तर २४ गुरू सांगून झाल्यावर आणखी एक सांगतात, माझा हा देहही माझा गुरू. साठी उलटली की या गुरूचे तास रोज भरतात. गुडघा शिकवतो, डोळा शिकवतो. ज्याचे अक्षर आता थरथरते त्याने थरथरत्या अक्षरात लिहावे. तेही कापडच आहे.

गेल्या वर्षी आमच्या मंदिरात यावरून थोडे वाजले, ते सांगतो. दत्तजन्म सायंकाळी होतो, पाळणा बांधतात. भजनी मंडळातल्या बायकांनी ठरवले की पाळण्यातले दुपटे घरोघरच्या तुकड्यांचे शिवायचे. अक्काने त्यात निळ्या वॉइलची पट्टी घातली. मंडळातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, देवाला कोरे वस्त्र वाहतात, वापरलेले नाही. त्यातून गेलेल्या माणसाचे कापड पाळण्यात कसे चालेल? त्यांचे म्हणणे परंपरेला धरून होते, त्यात आकस नव्हता. दोन दिवस ओट्यावर दोन पक्ष पडले. मी स्वतः काही बोललो नाही. पट्टी माझ्या घरची होती, माझे बोलणे शोभले नसते. अक्का एवढेच म्हणाली, ‘बाळाला दुपटं जुन्याचंच लागतं. नवं टोचतं.’ अत्रींच्या आश्रमात अनसूयामातेने बाळाला कशात गुंडाळले असेल, हा विचार तोवर आमच्यापैकी कुणी केला नव्हता. शेवटी पुजाऱ्यांनी तोड काढली. खाली दुपटे, त्यावर कोरे पांढरे वस्त्र, आणि त्यावर मूर्ती. ते गृहस्थ अजूनही म्हणतात की पद्धत बरोबर नाही. पाळण्याची दोरी धरायला मात्र तेच सर्वांत पुढे होते.

माझ्या घरची वाकळ थोरल्या मुलीकडे पुण्याला गेली. नात तिच्यातली पिवळी पट्टी गालाशी धरून झोपते.

यंदाही पौर्णिमेच्या आधी पाच दिवस, दुपारी ३ ते ५, सभामंडपात सतरंजी घातलेली असेल. कापड सुती असावे, धुतलेले असावे, वीतभर पुरे. बटणे आणि हुक काढून आणावेत. टेरिकॉट, नायलॉन आणू नये, सुई घसरते आणि ते घाम टिपत नाही. पुरुषांनीही यावे. ज्यांना टाका येत नाही त्यांना सुईत दोरा ओवून देण्याचे काम आहे. अक्काला आता नेढे दिसत नाही. सध्या ते काम मी करतो, पण सुया सहा आहेत.