फटफटीचा जीर्णोद्धार

देवस्थानाच्या पत्रिकेत फटफटीचा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल, आणि त्यांची शंका रास्त आहे. परंतु जीर्णोद्धार हा शब्द आपल्या कामकाजात वरचेवर येतो. त्यासाठी वर्गणी गोळा होते, ठराव होतात, क्वचित मतभेदही होतात. जीर्ण वस्तूचा उद्धार म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो. मंदिर ही थोर वास्तू. तिच्याविषयी बोलू लागले की श्रद्धा, मानपान, घराणी, सारेच मध्ये येते व विचार बाजूस राहतो. म्हणून हाच प्रश्न एका लहानशा, तेलकट व निरुपद्रवी वस्तूवर घासून पाहावा असे आम्ही योजिले आहे. आपल्या भागात काही घरांच्या पडवीत जुनी इंग्रजी मोटारसायकल आजही झाकून ठेवलेली दिसते, आणि तिची देखभाल घरचीच माणसे करीत असतात. त्यांच्या या उद्योगात एक नीतिविचार दडलेला आहे.

प्रथम या यंत्रांची हकीकत. बी. एस. ए., नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, व्हेलोसेट, रॉयल एनफील्ड ही नावे एके काळी बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, रेडिच आणि लंडनचे प्लमस्टेड येथील कारखान्यांतून जगभर गेली. दुसऱ्या महायुद्धात बी. एस. ए. कंपनीचे 'एम २०' हे ५०० सी. सी. चे साधे व दणकट यंत्र लाखाहून अधिक संख्येने तयार झाले. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या अशा कित्येक गाड्या हिंदुस्थानात सामान्य नागरिकांच्या हाती आल्या. पुढे १९५५ साली रॉयल एनफील्डच्या 'बुलेट'ची जुळणी मद्रासेत सुरू झाली. नंतर काळ फिरला. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, व्हेलोसेटने १९७१ मध्ये दार लावले, त्यानंतर दोनच वर्षांत बी. एस. ए. चा स्वतंत्र संसार आटोपला. मेरिडेन येथे ट्रायम्फच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालविलेला कारखानाही १९८३ मध्ये थांबला. यांतील काही नावे नव्या मालकांनी पुढे पुन्हा वापरात आणली. परंतु ती जुनी यंत्रे घडविणारे हात गेले ते गेलेच. घडविणारे गेले आणि घडलेले मागे राहिले.

अशा पोरक्या झालेल्या यंत्राला आता कोण सांभाळणार? ज्याच्या घरी ते आहे त्यानेच. वस्तुतः त्या काळच्या कारखानदारांची अपेक्षाही तीच होती. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत इंजिनाचे डोके उतरवून काजळी कशी खरवडावी, व्हॉल्व्ह घासून कसे बसवावे, मॅग्नेटोच्या टोकांतील फट ०.०१२ इंच कशी ठेवावी, हे सारे मालकासाठी लिहिलेले असे. म्हणूनच जुन्या परातीत रॉकेल किंवा डिझेल घेऊन त्यात सुटे भाग धुणारा, चिंधीने पुसून ते ओळीने मांडणारा गृहस्थ हा काही विक्षिप्त माणूस नव्हे. यंत्र घडविणाऱ्याने जे काम त्याच्यावर सोपविले होते तेच तो करीत आहे.

आता खरा प्रश्न. साठ-सत्तर वर्षांत अशा गाडीचा पिस्टन बदलला जातो, कड्या बदलतात, तारा, टायर, बैठक, धूर सोडणारी नळी, चाकांवरील पत्रे, एकेक करून सारेच बदलते. मग उरते ती गाडी तीच म्हणावी काय? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला हाच पेच रथाच्या रूपाने घातला आहे. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी रथ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे, असा निष्कर्ष निघतो. आपल्या न्याय-वैशेषिकांनी याच्या उलट बाजू घेतली. अवयवी हा अवयवांहून वेगळा व खरा आहे, असे त्यांचे मत. परंतु वस्त्रातून काही धागे निघाले की जुने वस्त्र नाश पावून दुसरे 'खंडपट' उत्पन्न होते, हे त्यांनाही मानावे लागले. एका मते गाडी मुळात नव्हतीच. दुसऱ्या मते ती प्रत्येक दुरुस्तीत नवी होते. दोन्ही मते बुद्धीला पटतात, आणि पडवीत उभ्या असलेल्या माणसाच्या मात्र कामाला येत नाहीत.

भाविकांच्या आचारात याहून वेगळे उत्तर सापडते. पुरीच्या जगन्नाथाच्या दारुमूर्ती काही वर्षांनी नव्या घडवितात. १९९६ आणि २०१५ या वर्षी असे नवकलेवर झाले. लाकूड सर्वस्वी नवे असते. तरीही जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ विधिपूर्वक नव्या मूर्तीत ठेवला जातो, आणि हा तोच जगन्नाथ, याविषयी कोणाही भाविकाच्या मनात किंतु उरत नाही. येथे 'तोच'पणा द्रव्यावर अवलंबून नाही. तो सोपविण्याच्या अखंड परंपरेवर आणि ती परंपरा चालविणाऱ्यांच्या सचोटीवर उभा आहे. देवाची व यंत्राची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या दृष्टांतातून एक गोष्ट उमगते. जुनी वस्तू 'तीच' राहते की नाही, याचा निर्णय तिच्या लोखंडापेक्षा तिला हाताळणाऱ्यांच्या सत्यनिष्ठेवर अधिक ठरतो. ही सत्यनिष्ठा म्हणजे काय, हे तीन प्रसंगांवरून पाहू.

पहिला प्रसंग आट्यांचा. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली बोल्टाच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले; त्यांचा कोन ५५ अंशांचा. आज बाजारात मिळणाऱ्या मेट्रिक बोल्टाच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा. ५/१६ इंची जुना बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा नवा बोल्ट यांच्या जाडीत जेमतेम ०.०६ मिलिमीटरचा फरक आहे. परंतु व्हिटवर्थच्या या बोल्टावर इंचाला १८ आटे असतात, तर नव्यावर वीसाहून किंचित अधिक. जुना बोल्ट हरवला असता घाईतला माणूस नवा बोल्ट पान्याच्या जोरावर ॲल्युमिनियमच्या पेटीत आवळून बसवितो. बोल्ट बसतो, तेल गळणे थांबते, गाडी चालू लागते. परंतु आतले मऊ आटे कापले जाऊन कायमचे मेलेले असतात. आणखी काही वर्षांनी जो कोणी तो बोल्ट काढील, त्याच्या हाती धातूचा कीस येईल. आज आपले काम भागले, त्याची किंमत मात्र दुसऱ्यावर लादली गेली. याउलट, आपल्या उद्यमबागेतील एखाद्या लेथवर योग्य आट्यांचा बोल्ट कातून घेण्यास दोन दिवस लागतील व चार पैसे अधिक पडतील. परंतु त्या दुरुस्तीने पुढच्या माणसाची वाट अडत नाही.

दुसरा प्रसंग मॅग्नेटोचा. जुन्या मॅग्नेटोच्या पोटात एक लहानसा कंडेन्सर असतो. वयोमानाने तो निकामी होऊ लागला की यंत्र गार असताना दोन किकांत सुरू होते. परंतु अर्धा तास चालवून थांबविले की तापलेले यंत्र काही केल्या पुन्हा सुरू होत नाही. हे जाणणारा विकणारा गिऱ्हाइकाला भल्या सकाळी बोलावतो. गाडी दोन किकांत सुरू करून दाखवितो. तो एकही शब्द खोटा बोलत नाही. महाभारतात धर्मराजाचा रथ त्याच्या सत्यनिष्ठेमुळे भूमीच्या चार अंगुळे वर चालत असे आणि एका अर्धसत्याबरोबर तो खाली टेकला, ही कथा आपण सारे जाणतो. तापलेल्या यंत्राविषयी मौन पाळणाऱ्याची चाके तर मुळातच भूमीवर असतात. ती आणखी किती खाली जावयाची?

याच मॅग्नेटोवर दोन उपाय आहेत. एक, सारी गुंडाळी उलगडून पुन्हा भरणे. दुसरा, आजच्या काळातील इवलासा टिकाऊ कंडेन्सर संपर्कटोकांपाशी बसविणे. दुसरा उपाय मूळच्या कारागिराचा नाही, म्हणून तो अधर्म ठरतो काय? आम्हास तसे वाटत नाही. तो उघडपणे केला, कोठे काय बसविले याची नोंद ठेवली, आणि तो पुन्हा काढून घेता येतो, एवढे असले की पुरे. केवळ 'मूळ' म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की यंत्राभोवतीचे जग बदलले आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि टाकीत पाणी ओढून गंज आणते. रबराच्या नळ्या जुन्याच ठेवू म्हणणारा एखादे दिवशी गाडी पेटवून बसेल. जपणूक म्हणजे गोठविणे नव्हे.

तिसरा प्रसंग आकड्यांचा. सांगाड्यावर व इंजिनावर कारखान्याने ठोकलेले क्रमांक हे यंत्राचे गोत्र होय. इंग्लंडमध्ये १९४६ साली स्थापन झालेला व्हिंटेज मोटर सायकल क्लब जुन्या कारखान्यांची दप्तरे सांभाळून त्यांवरून गाडीचे वर्ष ठरवून देतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाड्यात वा इंजिनात फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. मूळपणाला असा भाव आला की कानस आणि आकड्यांचे ठसे यांचा दुरुपयोगही आला. जुना क्रमांक घासून नवा ठोकणारे लोक आहेत. पिस्टन दहा वेळा बदलला तरी त्या गाडीचा इतिहास खराच राहतो. एक आकडा खोटा ठोकला की सारे मूळ भाग जागेवर असूनही ती गाडी खोटी होते. आम्ही वर जे सत्यनिष्ठेविषयी म्हटले त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

या तिन्ही प्रसंगांचे सार एका वाक्यात सांगता येईल. दुरुस्ती ही पुढे दुरुस्ती करणाऱ्याला दिलेली बोली होय. तो कोण असेल हे आपणास ठाऊक नाही. कदाचित आपला नातू असेल, कदाचित कोणी परका. झाकण लावून बोल्ट आवळल्यावर आत काय केले ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही. दिसेल ते फक्त त्या पुढच्या माणसाला, आणि तेव्हा जाब देण्यास आपण असू असे नाही. ज्याच्याकडून स्तुती मिळावयाची नाही व शिक्षाही व्हावयाची नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहणे, हीच नीतीची खरी कसोटी असे आम्ही समजतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. जुन्या लोखंडात इतका जीव गुंतविणे हा मोहच नव्हे काय? देह हाही जीर्ण वस्त्रासारखा टाकावयाचा असे मानणारे आपण. मग फटफटीचे ममत्व कशाला? काही घरांत याला ममत्वाचेच रूप येते, हे आम्हास मान्य आहे. गाडी पुसून काचेआड ठेवावी, कोणाला हात लावू देऊ नये, मुलाने किक मारली तरी ओरडावे, असे वागणारा माणूस गाडीचा स्वामी नसून तिचा बंदी आहे. परंतु मालक आणि वहिवाटदार यांतील भेद देवस्थानाच्या सभासदांस समजावून सांगण्याची गरज नाही. वहिवाटदाराच्या हाती वस्तू असते, ती त्याची नसते. त्याने ती वापरात ठेवावयाची, झीज भरून काढावयाची आणि हिशेबासह पुढे द्यावयाची. या भावनेने केलेली सेवा मोह वाढवीत नाही, उलट तो सैल करते. जो मुलाला शेजारी बसवून पाना हाती देतो, त्याने वस्तू सोडण्यास आरंभ केलेलाच असतो.

आता मंदिराकडे वळू. आपल्या मुलखात पाषाणाच्या कोरीव खांबांना तैलरंगाचे थर दिलेली देवळे थोडी नाहीत. ज्यांनी रंग दिला त्यांची भक्ती निःसंशय होती. परंतु त्या थरांखाली नक्षीची धार बुजली, दगडाला श्वास घेता येईनासा झाला, आणि तो रंग काढावयास जाणाऱ्या पुढल्या पिढीच्या वाट्याला अवघड काम आले. घाईने आवळलेल्या त्या बोल्टाचीच ही थोरली आवृत्ती. म्हणून जीर्णोद्धाराचा ठराव पुढे येईल तेव्हा किती खर्च, कोणाचे नाव, कोणता रंग, या प्रश्नांच्या आधी तीन प्रश्न विचारावेत: हे काम पुढे कोणास उलटविता येईल काय? काय बदलले याची नोंद दप्तरात राहील काय? काढलेला जुना दगड, जुने लाकूड जपून ठेवले जाईल काय?

फटफटी सांभाळणारी जाणती माणसे एक वही ठेवतात. कोणत्या तारखेस काय उघडले, काय घातले, कोणता भाग कोठून आणला, हे तीत लिहितात, आणि बदललेले जुने भाग पत्र्याच्या डब्यात चिठ्ठी लावून ठेवतात. ही वही कोणी मागितलेली नसते. ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही अशा माणसासाठी ती लिहिलेली असते. आपल्या घरी जे काही जुने असेल, यंत्र असो, घर असो वा देवघरातील समई असो, त्याची अशी वही आजपासून सुरू करावी, एवढीच आमची सर्व सभासद कुटुंबांस विनंती आहे.