डब्यावरचा शिक्का आणि डब्यातला दावा

नाशिक रोडला कुठल्याही दुकानात पाचशेची नोट पुढे केली की दुकानदार ती आधी उजेडात धरून पाहतो. नोटा छापणारा कारखाना १९२८ पासून याच गावात आहे, तरीही तो पाहतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. ती नोट देऊन आपण जे घरी आणतो, त्याची पारख मात्र आपण इतकीही करत नाही.

मागील महिन्यात परिचयातील एका भगिनीने कोलॅजेनच्या भुकटीचा डबा माझ्यासमोर ठेवला. किंमत तेराशे रुपये, आणि ते पैसे घरखर्चातून काढलेले. प्रश्न एकच होता, "हे हलाल आहे ना?" डब्यावर हलालचा शिक्का होता. मी तो दाखवला आणि त्यांचे समाधान झाले. घरी परतताना माझे मात्र होईना.

प्रश्न योग्यच होता. कोलॅजेन हे प्राण्यांच्या कातडीत, हाडांत आणि कूर्चेत असणारे प्रथिन आहे. वनस्पतींत ते नसतेच. बाजारातील भुकटी गुरांच्या कातडीपासून व हाडांपासून, डुकराच्या कातडीपासून किंवा माशांच्या कातडी-खवल्यांपासून तयार होते. वेष्टनावरचे तपकिरी चिन्ह 'मांसाहारी' एवढेच सांगते. प्राणी कोणता आणि तो शरीअतनुसार जबह केला होता का, हे सांगत नाही. मूळ पदार्थाचे रूप पूर्ण पालटले तर त्याचा हुकूमही पालटतो काय, या 'इस्तिहाला'च्या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहेत. कोलॅजेनपासूनच बनणाऱ्या जिलेटिनविषयी जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ च्या अम्मान अधिवेशनात, डुकरापासूनचे जिलेटिन अन्नात वापरणे वैध नाही, असा निर्णय दिला. १९९५ साली कुवेतला भरलेल्या फिक्ह व वैद्यक परिसंवादाचे मत मात्र रूपांतराच्या बाजूने पडले. ज्याला या वादापासून दूर राहावयाचे आहे त्याच्यासाठी माशाचा पर्याय खुला आहे; सूरह अल-माइदाने समुद्रातील शिकार आपल्यासाठी वैध ठरवली आहे.

परंतु सूरह अल-बकराच्या १६८ व्या आयतीत 'हलाल'च्या जोडीला 'तय्यिब' हा शब्द येतो, म्हणजे शुद्ध आणि हितकर. शिक्का पहिल्या शब्दाची ग्वाही देतो. दुसऱ्याची ग्वाही कोण देणार?

गिळलेले कोलॅजेन सरळ चेहऱ्यावर जाऊन बसत नाही. इतर प्रथिनांप्रमाणेच पचनात त्याचे तुकडे होतात; बहुतेक अमिनो आम्ले, काही लहान साखळ्या. या साखळ्या रक्तात आढळतात हे खरे, पण शरीराने त्या कोठे वापराव्यात हे डबा ठरवत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २३ चाचण्या आणि १४७४ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. सर्व चाचण्या मिळून त्वचेचा ओलावा, लवचिकता व सुरकुत्या यांत सुधारणा दिसली. मात्र ज्यांना औषध कंपन्यांचा पैसा नव्हता अशा चाचण्या वेगळ्या काढताच तो परिणाम दिसेनासा झाला. वार्ता आणणारा भरवशाचा नसेल तर शहानिशा करा, असा आदेश सूरह अल-हुजुरातमध्ये आहे. येथे तर वार्ता आणणाराच माल विकतो आहे!

गुडघेदुखीत काही चाचण्यांमध्ये थोडा आराम आढळला आहे. ज्यांना त्यासाठी घेऊन पाहावयाचे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे, मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर नक्कीच. त्यात गैर काही नाही.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. आदरणीय उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले, प्रत्येक रोगावर उपाय असल्याचे सांगितले आणि एकच अपवाद ठेवला, तो वार्धक्याचा. आपल्या तिशीतल्या मुलींना आज नेमके उलटे पटवले जात आहे की वय हाच रोग आणि त्याचे औषध या डब्यात. साजशृंगार निषिद्ध नाही. मेंदी, सुरमा, अत्तर यांत आनंद आहे. भीती विकून घेतलेले पैसे मात्र त्या आनंदाचे नव्हेत. आदरणीय इब्राहीम (अ.) यांना पहिला पांढरा केस दिसला तेव्हा तो सन्मान आहे हे कळताच त्यांनी तो अधिक मागितला, असे 'मुवत्ता'त आले आहे. आपल्या घरात आरशासमोर असे कोण म्हणते?

आणि प्रथिनच हवे असेल, तर कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. अंड्यात ते असते. शरीराला स्वतःचे कोलॅजेन बांधण्यास जीवनसत्त्व 'क' लागते, आणि ते आवळ्यात व पेरूत भरपूर आहे. रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया थंड झाल्यावर थिजतो, तेही कोलॅजेनचेच रूप. आपल्या आजींनी त्याला सौंदर्यप्रसाधन म्हटले नाही, एवढेच.

हे सारे मी त्या भगिनीला फोन करून सांगितले. डबा अर्धा उरला होता. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या दिवशी का नाही सांगितलेत?"

शिक्का पाहिला आणि थांबलो, एवढेच मला सांगता आले.