कागदावरची ओळख

मनुष्य कोण हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या बैठकीत शोभून दिसतो खरा. परंतु इतिहासात तो बहुधा चावडीवर, बंदराच्या धक्क्यावर नाही तर छावणीच्या फाटकाशी सोडविला गेला आहे, आणि सोडविणारे तत्त्वज्ञ नव्हते, कारकून होते. प्रस्तुत लेखात अशाच एका निवाड्याचा विचार करावयाचा आहे. तो ज्यांच्या वाट्यास आला त्यांत विशी-तिशीतल्या ज्यू मुली पुष्कळ होत्या. आणि त्याचा एक धागा आमच्या नगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

१७ ऑगस्ट १९३८ रोजी जर्मनीच्या नाझी सरकारने असे फर्मान काढले की, ज्या ज्यू स्त्रीचे नाव सरकारने मान्य केलेल्या यादीत नसेल तिने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावास 'सारा' हे नाव जोडावे. पुरुषांनी 'इस्रायल' जोडावे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ज्यूंच्या पारपत्रांवर तांबड्या शाईने 'जे' हे अक्षर उमटविण्यास आरंभ झाला. आता पाहा, हेच सारा नाव आमच्या कोकणातल्या बेने इस्रायल घराण्यांत मुलीला पाळण्यात घालतात. पेणकर, केहिमकर अशी गावावरून पडलेली आडनावे लावणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणविली जाणारी ही मंडळी शतकानुशतके आमच्या शेजारात नांदली. साराबाई म्हटले की कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मराठीत 'नाव ठेवणे' ह्या एकाच प्रयोगाचे दोन अर्थ होतात. आई नाव ठेवते आणि लोक नावे ठेवतात. बर्लिनच्या कारकुनाने पहिल्या क्रियेचे सोंग घेऊन दुसरी केली. शब्द तोच, परंतु तो कोणाच्या तोंडून आणि कशासाठी आला, ह्यावर त्याचे आशीर्वादपण किंवा शिवीपण अवलंबून राहिले.

असे शिक्के मिरवीत काही निर्वासित मुंबईच्या बंदरात उतरले. संख्येने ही मंडळी फार नव्हती. कारण हिंदुस्थानात येण्यास परवाना लागे, आणि परवान्यास नोकरीचा किंवा जामिनाचा आधार लागे. मुंबईत १९३४ साली स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने पुष्कळांची हमी घेतली. ह्या निर्वासितांतील एक नाव ठाऊक असावे असे आहे. हिल्डे होल्गर ही व्हिएन्ना शहरातली नर्तकी, जन्म १९०५ चा. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर तिला रंगभूमीवर पाऊल ठेवण्याची बंदी झाली. १९३९ साली ती मुंबईस आली, १९४० साली डॉ. आदी बोमन-बेहराम ह्या पारशी गृहस्थाशी तिने विवाह केला आणि पुढे मुंबईतच नृत्याची शाळा चालविली. तिची आई व इतर आप्त मात्र मागे राहिले आणि नाझींच्या हत्याकांडात नष्ट झाले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि एक विलक्षण गोष्ट घडली. ज्यांना जर्मनीने आपले म्हणण्याचे नाकारले होते त्यांना इंग्रज सरकारने जर्मन ठरविले. पारपत्र जर्मन, म्हणून मनुष्य जर्मन. मनुष्य जर्मन, म्हणून तो शत्रू. मुंबई आदी शहरांतून जर्मन पुरुष धरून अहमदनगरच्या छावणीत आणले गेले, आणि त्यांत नाझी पक्षाचे कट्टर सभासद व त्याच पक्षाच्या भयाने पळालेले ज्यू एकाच तारेच्या कुंपणात येऊन पडले. आमच्या घोडेगावाहून नगर काही कोसांवर. औरंगाबादची सडक गावावरूनच जाते. त्या सडकेच्या टोकाशी, आमच्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत, छळणारा आणि छळलेला एका रांगेत हजेरी देत होते. मागे राहिलेल्या स्त्रियांवर शहरात पोलिसांची देखरेख बसली. काही महिन्यांत चौकशी समिती नेमून बहुतेक ज्यूंची सुटका झाली. परंतु १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडताच पुन्हा धरपकड झाली, आणि पुढे पुरंदर व सातारा येथल्या छावण्यांत स्त्रिया व सबंध कुटुंबे ठेवण्यात आली. ज्या पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला त्या गडावर युरोपातली पोरे खेळली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

सरकारच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलले पाहिजे. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मनुष्याचे अंतःकरण तपासण्यास सवड कोणाला असते? निर्वासिताचे सोंग घेऊन हेर येणार नाही असे कोण सांगू शकेल? शिवाय सर्वांस एक नियम लावणे हाच तर न्यायाचा पाया. अधिकाऱ्याने ह्यास सोडावे व त्यास धरावे, असे केले असते तर पक्षपाताचा आरोप आला असता. हा युक्तिवाद पोकळ नाही. पुरंदरावरचे जिणे आउश्वित्झचे नव्हते, हेही निखालस खरे.

तथापि ह्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की वर्ग अगोदरच तयार आहे आणि नियम तो केवळ वापरतो. पण 'जर्मन कोण' ह्याचे उत्तर इंग्रजांनी स्वतः शोधले नव्हते. ते पारपत्रावरून उतरवून घेतले होते, आणि तेही अर्धवट. 'जर्मन' हा शब्द वाचला. शेजारचे तांबडे अक्षर वाचूनही वाचले नाही. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात जाणते गिऱ्हाईक बैलाचे दात आधी पाहते आणि पावती मागून. माणसांच्या बाबतीत एवढीही तसदी साम्राज्यास जड झाली. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी तर खुद्द जर्मनीने परदेशी राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. अशा रीतीने एखादी पंचविशीची मुलगी जर्मनीच्या दप्तरी कोणीच राहिली नाही आणि इंग्रजांच्या दप्तरी मात्र शत्रुराष्ट्राचीच गणली जाऊ शके. त्यातही स्त्रीची स्थिती आणखी चमत्कारिक. त्या काळच्या कायद्याने बायकोचे राष्ट्रीयत्व नवऱ्यामागे जाई. ज्या स्त्रीने कोणत्याच सरकारचे काही केले नव्हते ती एका लग्नाने मित्र होई आणि एका लग्नाने शत्रू.

हे सारे विलायतेहून आलेले पाप आहे असे मानून आम्ही हात झटकू नयेत. आमच्याच नेवासे तालुक्यात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती सांगणाऱ्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या चरित्रात शुद्धिपत्राची कथा आहे. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांनी वाळीत टाकले त्यांच्याच जातभाईंकडून शुद्धतेचा कागद आणण्यासाठी चौघांस पैठणास जावे लागले, असे परंपरा सांगते. त्यांत मुक्ताबाई सर्वांत धाकटी. तिचा दोष एवढाच की ती जन्मास आली. आणि अगदी जवळचा दाखला हवा असेल तर गुन्हेगार जमातींचा कायदा घ्यावा. १८७१ साली उत्तरेत निघालेला हा कायदा १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासही लावता येऊ लागला, आणि जन्मावरून गुन्हेगार ठरलेल्या माणसांस त्याने पोलिसांपुढे हजेरी देत उभे केले. देशभर तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ज्या सरकारास आणि ज्या समाजास फासेपारध्याची पोर उपजत चोर वाटत होती, त्यांस बर्लिनची मुलगी उपजत जर्मन वाटावी ह्यात नवल ते काय? बेने इस्रायलांस आम्ही कधी छळले नाही, हा आमचा अभिमान खोटा नाही. परंतु तो उच्चारताना आवाज थोडा खाली ठेवलेला बरा.

कोणी म्हणेल, थोडीशी गैरसोय झाली, पुढे सुटका झाली. एवढ्यावर इतका काथ्याकूट कशाला? त्याचे उत्तर फ्रान्समध्ये आणि हॉलंडमध्ये मिळते. फ्रान्सच्या सरकारनेही मे १९४० मध्ये जर्मन पारपत्राच्या स्त्रियांस गुर्स येथील छावणीत कोंडले. बहुसंख्य त्यांत ज्यू निर्वासितच होत्या. पुढे तत्त्वचिंतक म्हणून विख्यात झालेली हाना आरेन्ट त्यांतच होती. फ्रान्सचा पाडाव झाल्यावर जो गोंधळ उडाला त्यात काही आठवडे फाटक सैल झाले. ती आणि आणखी काही बाहेर पडल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या कित्येक १९४२ साली त्याच छावणीतून आउश्वित्झला पाठविल्या गेल्या. हॉलंडमधले वेस्टरबोर्क १९३९ साली डच सरकारने ज्यू निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी उभारले होते. जुलै १९४२ पासून तेच मृत्यूच्या गाड्यांचे स्थानक झाले. एटी हिलेसम तेथूनच गेली, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये पंधरा वर्षांची अॅन फ्रँकही. म्हणजे यादी करणारा हात निर्दय होता असे नव्हे. परंतु तयार झालेली यादी दुसऱ्या हाती पडली तेव्हा तिने तक्रार केली नाही. नगर आणि गुर्स ह्या दोहोंत जो फरक पडला तो नियमाच्या शहाणपणामुळे पडला नाही. नगरपर्यंत जर्मन फौज आली नाही, एवढेच.

राहिला प्रश्न कृतज्ञतेचा, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. जिचा जीव ह्या देशाने वाचविला तिने छावणीबद्दल गाऱ्हाणे करावे काय? ज्यांनी बुडत्यास वर काढले त्यांनी चोर म्हणून त्याचे खिसे चाचपले, तर त्याने रागवावे की पाया पडावे? माझ्या मते दोन्ही करता येते, आणि एकाने दुसरे फिटत नाही. उपकार हे न्यायाचे चलन नव्हे; त्यात अन्यायाची वजावट होत नसते. परंतु हे आम्ही बोलतो. जी त्या परिस्थितीत होती तिला ते बोलण्याची सवडही नव्हती आणि पुष्कळदा इच्छाही नव्हती. आई परक्या मुलखात कोणत्या गाडीत बसविली गेली हे ज्या मुलीस वर्षानुवर्षे कळले नाही, तिला पोलिसचौकीतल्या हजेरीची चीड येण्याइतके मन मोकळे कोठून राहणार? हिल्डे होल्गर १९४८ साली लंडनास निघून गेली आणि तेथेच २००१ साली, नव्वदी ओलांडून, वारली. अखेरच्या वर्षांपर्यंत ती नृत्य शिकवीत होती.