छर्ऱ्यांचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडातून भाच्याचा फोन आला. तिकडे एका शेतकऱ्याशी त्याची चांगली दोस्ती जमली आहे. त्या शेतात मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक असतं आणि हिवाळ्यात त्यावर रानकबुतरांचे थवेच्या थवे उतरतात. आपल्या होल्यापेक्षा बरंच मोठं पाखरू. पिकाची नासाडी थांबवण्यासाठी ते मारायला तिथला कायदा मुभा देतो. बंदूक बाळगायला पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, तेही याने मिळवलं.

"मामू, लहान बोरची बंदूक घ्यायचीय. ४१० ची जुनी एकनळी स्वस्तात मिळतेय. घेऊन टाकू?"

मला विचारलं, कारण आमच्या घरात बंदुकीचा वास घेतलेला आता मीच उरलोय. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही संपली. संपली ते बरंच झालं. पण त्याआधी कोकणात आजोबांच्या मागे मी काडतुसांची पिशवी घेऊन हिंडलो आहे.

बोर म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती बारा बोर. वीस भरल्या तर वीस बोर. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. ४१० मात्र या हिशेबात बसत नाही. तो नळीचा व्यास आहे, इंचाच्या हजाराव्या भागांत. जवळजवळ साडेदहा मिलिमीटर. बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसात २८ ग्रॅम छर्रे असतात, ४१० च्या आखूड काडतुसात १४ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. तिकडच्या सहा नंबरचे छर्रे घेतले तर पहिल्यात पावणेतीनशेच्या आसपास आणि दुसऱ्यात फार तर सव्वाशे-दीडशे.

इथेच लोकांची गल्लत होते. बंदूक लहान, धक्का कमी, म्हणून ती नवशिक्याची, असं समजतात. पण छर्रा तोच आणि त्याचा वेगही साधारण तोच. कमी असते ती फक्त छर्ऱ्यांची दाटी. बारा बोरने पस्तीस यार्डांवर जे साधतं, ते ४१० ला वीस-पंचवीस यार्डांच्या आतच साधतं. त्यापुढे छर्रे विरळ होतात आणि पाखराला एखाददुसराच लागतो. जीव जात नाही, पंख मोडतो. तेव्हा ही बंदूक खरं तर मुरलेल्या हाताची. स्वस्ताईचंही तसंच. बंदूक स्वस्त मिळाली तरी काडतुसं बहुधा बारा बोरपेक्षा महाग पडतात, कारण ती कमी खपतात.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यावर तो जे बोलला, त्याने मी गप्प झालो.

"पण मामू, बारा बोरने पाखरू हवेतच मरतं. ४१० ने जिवंत पडतं. सुरी फिरवायला वेळ मिळतो. हलालचा प्रश्नच राहत नाही."

मी आलिम नाही. फतवा देणं माझं काम नाही. पण प्रश्न जुना आहे. दानशूर हातिमताईचे पुत्र हजरत अदी बिन हातिम यांनी रसूलुल्लाहांना शिकारीबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा की, हत्यार टोकाने घुसून जनावर मेलं तर खा. आडवं बसून, माराने मेलं तर खाऊ नका. आता छर्रा घुसतो की मार देतो? आपल्या उपखंडातल्या बहुसंख्य हनफी उलेमांनी तो मार मानला, म्हणून पाखरू जिवंत हाती येऊन जबह झालंच पाहिजे असं सांगितलं. बिस्मिल्ला म्हणून बार काढला तर चालतो, असं मानणारे उलेमाही आहेत. ज्याने त्याने आपल्या मसलकप्रमाणे वागावं.

भाच्याचा मुद्दा मात्र वेगळाच होता. जिवंत सापडलं तर जबह करा, हा हुकूम झाला. जिवंत सापडावं म्हणून अर्धवट मारा, हे कोणत्या किताबात आहे? त्याच रसूलुल्लाहांनी जनावर कापताना सुरीला धार लावायला आणि त्याचे हाल न करायला बजावलं आहे. बोथट सुरी हराम नसेल कदाचित, पण मुद्दाम बोथट सुरी निवडणाऱ्याला आपण काय म्हणू? आपल्या ताटातली शंका मिटावी म्हणून त्या पाखराने चार मिनिटं जास्त तडफडायचं, हा व्यवहार मला पटेना. आणि जे जखमी होऊन झाडीत जाऊन पडतं, सापडतच नाही, त्याचं काय? ते हलालही नाही आणि हरामही नाही. ते कोणाच्याच हिशेबात नाही.

१९७० साली मी बारा वर्षांचा होतो. आजोबांकडेही ४१० च होती. बारा बोरची दुनळी त्यांना परवडणारी नव्हती. एका संध्याकाळी त्यांनी प्रथमच बंदूक माझ्या हाती दिली. करवंदीच्या जाळीपाशी रानकोंबडा चरत होता. "लांब आहे, जाऊ दे," ते हळूच म्हणाले. मी चाप ओढला. कोंबडा पडला, उठला आणि एक पंख ओढत जाळीत शिरला.

मगरिबपर्यंत आम्ही शोधत होतो. तिथेच आजोबांनी नमाज पढली, मला घरी कंदील आणायला पिटाळलं, आणि पुन्हा शोधायला लागले. त्यांचे हात करवंदीच्या काट्यांनी रक्ताळले होते. कोंबडा काही मिळाला नाही. घरी आजीने विचारलं, "काय आणलंत?" ते म्हणाले, "काही नाही. एक जीव उधार ठेवून आलो." मला एका शब्दाने बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग गरिबाने शिकारच करू नये का, असं कोणी विचारेल. तसं माझं म्हणणं नाही. त्या बंदुकीने आजोबांनी वर्षानुवर्षं घरात मांस आणलं, पण दहा पाखरं दिसली तर आठ सोडून. बंदुकीत जे पैसे वाचले, ते त्यांनी असे भरले. माझ्यात तो सबर नव्हता. भाच्यात आहे का, हे फोनवरून कसं कळणार?

म्हणून त्याला म्हटलं, घ्यायच्या आधी ती बंदूक एकदा मागून घे. पंचवीस आणि पस्तीस यार्डांवर मोठे कागद लावून एकेक बार काढ आणि मला दाखव.

आठवड्याने मोबाइलवर दोन फोटो आले. त्याने पाखराच्या मापाचा पुठ्ठा कापून कागदावर जागोजागी ठेवला होता आणि पेन्सिलीने त्याभोवती रेघ ओढली होती. पंचवीसच्या कागदावर जवळजवळ प्रत्येक आकृतीत चार-पाच भोकं होती. पस्तीसच्या कागदावर दोन आकृत्या कोऱ्या होत्या आणि तीन आकृत्यांत फक्त एकेक भोक होतं, पंखाच्या कडेला.

खाली त्याने लिहिलं होतं, "मामू, वीस बोरसाठी पैसे साठवतोय. या हंगामात राहू दे."