सुख मोठें कीं सत्य ?

(वाचण्यासाठीं शास्त्रभाग : १ राजे, अध्याय २२)



आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. तो असा, कीं ज्या बोलण्यानें घरांत समाधान राहतें, तें जरी खरें नसलें तरी त्यांत वाईट तें काय ? मनुष्यास शेवटीं सुखच पाहिजे आहे. मग सत्य सांगून त्याची झोंप कां मोडावी? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पुष्कळदां तो प्रेमळ मनांतूनच निघतो. म्हणून आज त्याचा शांतपणें विचार करूं.

अहाब राजाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. रामोथ-गिलाद घेण्यासाठीं त्याला लढाईस जावयाचें होतें. त्यानें सुमारें चारशें संदेष्टे जमविले, आणि त्या सर्वांनीं एका तोंडानें होकार दिला. सिद्कीयानें तर लोखंडाचीं शिंगें करून विजय कसा मिळेल तें दाखविलें. यहोशाफाट राजा तेवढा साशंक होता. आणखी कोणी संदेष्टा उरला आहे काय, असें त्यानें विचारिलें, तेव्हां अहाबानें मीखायाचें नांव घेतलें, पण तें कपाळास आंठ्या घालून. मीखाया खोटें बोलतो, असा राजाचा आरोप नव्हता. तो माझ्या मनासारखें कधीं बोलत नाहीं, एवढीच त्याची तक्रार होती. मीखायानें खरें तें सांगितलें, आणि त्यास बंदीखाना मिळाला. राजा वेष पालटून रणांत गेला. एक बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यांतून शिरला, आणि त्या संध्याकाळीं तो मेला. चारशें जणांनीं दिलेलें सुख सूर्य मावळेपर्यंतही पुरलें नाहीं.

ही गोष्ट दूरच्या देशाची व प्राचीन काळाची खरी, पण तिचा अर्थ कळण्यास जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांबाहेर जावयास नको. माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें या धरणांचें पाणी शेतांत आलें, आणि पुष्कळ कोरडवाहू रानांत ऊंस उभा राहिला. उंसांत दाट आडोसा, जवळच पाणी, भोंवतीं वाड्यावस्त्यांवरचीं कुत्रीं, शेळ्या व डुकरें. बिबट्यास आणखी काय पाहिजे ? त्याची मादी उंसांतच वितें, आणि तोडीच्या वेळीं मजुरांना फडांत पिल्लें सांपडतात.

इ. स. २००१ च्या सुमारास बिबट्यांचें भय वाढलें, तेव्हां पिंजरे लावण्यांत आले. पिंजऱ्यांत जनावर पडलें, कीं त्या वस्तीवर सुखाची झोंप लागे. पुढें त्यांतील कित्येक बिबटे दूरच्या रानांत नेऊन सोडण्यांत आले. यांत कोणाचाच हेतु वाईट नव्हता. लोकांना भय होतें, आणि अधिकाऱ्यांना तें दूर करावयाचें होतें.

परंतु विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं या गोष्टीचा अभ्यास करून तो २०११ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां वेगळीच हकीकत पुढें आली. १९९३ पासून २००१ पर्यंत जुन्नर भागांत मनुष्यांवर दरवर्षीं सरासरी ४ हल्ले होत. बिबटे हलविण्याचें काम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळांत, ते दरवर्षीं सरासरी १७ झाले. जेथें बिबटे सोडले त्या ठिकाणांजवळही हल्ले झाले. याचें कारण असें, कीं बिबट्याचा मुलूख ठरलेला असतो. एक उचलला कीं रिकाम्या मुलुखांत दुसरा येतो. आणि उचललेला जीव परक्या रानांत भांबावून वस्त्यावस्त्यांतून वाट काढीत फिरतो. त्याच २०११ सालीं केंद्र सरकारनेंही सूचना काढल्या, कीं दिसला बिबट्या कीं पकडून दुसरीकडे सोडला, हा उपाय नव्हे. जें जनावर मनुष्यावरच चालून येऊं लागलें तें पकडावें लागतें, हें खरें. पण केवळ मनाचें समाधान व्हावें म्हणून लाविलेला पिंजरा ही निराळी गोष्ट आहे.

बंधूंनो, येथें नीट लक्ष द्या. एका वस्तीस जी झोंप लागली तिची किंमत कोणीं दिली ? दुसऱ्या वस्तीनें. खोट्या सुखाची रीतच अशी, कीं तें उसनें आणिलेलें असतें, आणि त्याच्या वसुलीस सावकार जातो तो पुष्कळदां दुसऱ्याच्याच दारीं. अहाबाच्या सुखाची किंमत अहाबानें एकट्यानें दिली नाहीं. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखें त्याचें सारें सैन्य डोंगरांवर पांगलें. माझ्या सुखासाठीं मीं खोटें मानिलें तर त्यांत कोणाचें काय गेलें, असें म्हणणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. आपल्याला शेजाऱ्यावर प्रीति करावयाची आज्ञा आहे, आणि सत्य पाहिल्यावांचून शेजारी दिसतच नाहीं.

आतां उपदेशक बंधूंनो, मला विशेषेंकरून तुमच्याशीं बोलावयाचें आहे. कारण चारशांच्या पंक्तींत बसण्याचा मोह आपल्यालाच अधिक होतो. वस्तीवर भय पसरतें. लोक म्हणतात, "प्रार्थना करा, म्हणजे आमच्या अंगणांत बिबट्या येणार नाहीं." आपण प्रार्थना करितों, आणि ती केलीच पाहिजे. पण पुढें, "आतां निश्चिंत असा, प्रभूचा पहारा आहे, कांहीं होणार नाहीं," असें वचन आपण आपल्या पदरचें देऊन बसतों. हें वचन देवानें दिलेलें नाहीं. मंदिराच्या शिखरावरून उडी घाल, देवदूत तुला झेलतील, असें सैतानानें सुचविलें, तेव्हां आपल्या प्रभूनें तो मोह नाकारिला. मग त्याचे सेवक भाविक आईला कशाच्या आधारावर सांगतात, कीं तुझें मूल तिन्हीसांजेस उंसाच्या बांधाला एकटें गेलें तरी चालेल ?

याच्या उलटही एक खोटें आहे. कोणाच्या घरीं असा घात झाला, कीं त्यांचा विश्वास उणा होता असें कुजबुजणारे निघतात. त्यामुळें बोलणाऱ्यास सुख होतें. आपला विश्वास पुरा आहे, म्हणून आपण वांचूं, असें त्यास वाटतें. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला, तेव्हां ते इतरांहून अधिक पापी होते ही समजूत प्रभूनें साफ नाकारिली. तें खोटें सुखही आपण नाकारिलें पाहिजे.

कोणी विचारील, "ज्या आईचें लेंकरू गेलें, तिच्यापुढें जाऊन हल्ल्यांचे आंकडे सांगावे काय ?" नाहीं, बाबांनो, तसें करूं नका. इयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्यानें बसले, आणि त्यांनीं केलें त्यांपैकीं तेंच सर्वांत चांगलें होतें. सत्याला वेळ असते, आणि तें रडणाऱ्याजवळ बसून रडल्यावर मग बोलतें. पण शेजारच्या घरांतलीं मुलें अजून अंधारांत बाहेर बसत असतील, तर तुमचें मौन आतां दया राहिलें नाहीं. तें भित्रेपण झालें. त्या घरीं आजच जा.

आणि जाल तें रिकाम्या शब्दांनीं जाऊं नका. शेळ्यांचा गोठा चहूं बाजूंनीं व वरूनही बंद करण्यास हातभार लावा. अंगणांत दिवा ठेवावयास सांगा. अंधारांत उघड्यावर बसणें व झोंपणें टाळावें, कारण वांकलेलें मनुष्य बिबट्यास लहान जनावरासारखें दिसतें. फडांत पिल्लें सांपडलीं तर उचलून नेऊं नयेत. वनखात्यास कळवावें, म्हणजे त्यांची आई रात्रीं येऊन त्यांस घेऊन जाईल अशी व्यवस्था ते करितात. आपली संध्याकाळची उपासनाही उजेड आहे तोंच संपवावी, आणि घरीं जातांना मुलांना मध्यें घेऊन सर्वांनीं मिळून जावें. ज्या प्रार्थनेनंतर गोठ्याचें दार लाविलें जातें, ती प्रार्थना अविश्वासाची नव्हे.

तर सुख मोठें कीं सत्य ? सुख हें परमेश्वराचें देणें आहे, आणि तें मागण्यांत पाप नाहीं. पण तें सत्याच्या मागून चालत येतें. पुढें घालून हांकूं लागलों तर वाट चुकतें. दार लावून, दिवा ठेवून, मुलांना उराशीं घेऊन जी झोंप लागते ती पिंजऱ्याच्या भरंवशावरील झोंपेहून थोडी सावध असेल. परंतु ती उसनी नाहीं, आणि तिच्यासाठीं दुसऱ्या कोणाचें घर जागें राहत नाहीं. अशी झोंप प्रभु आपल्या सर्व वाड्यावस्त्यांस देवो, आणि मीखायासारखें एकट्यानें खरें बोलण्याचें धैर्य त्याच्या सेवकांस देवो. आमेन.