एकाच देशाचे दोन आवाज

एप्रिल १९४२. पाच तारखेला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला चढवला आणि दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम, काकीनाडा इथेही बॉम्ब पडले. कोलंबोवर आलेल्या ‘झीरो’ विमानांच्या नाकात नाकाजिमा कंपनीचं ‘साकाए’ इंजिन होतं. पुढे सात, मागे सात अशी १४ सिलिंडरं गोलाकार बसवलेली. पुढच्या दोन सिलिंडरांच्या फटीतून वारा मागच्याला लागावा, म्हणून मागची रांग थोडी सरकवलेली. थंड ठेवायला पाणी नको, रेडिएटर नको. ताकद साधारण ९५० अश्वशक्ती. कारागिरी पाहून थक्क व्हावं अशी, पण ती जुंपली होती परक्यांच्या घरांवर आग ओतायला.

त्याच जपानचा दुसरा आवाज वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमाने ऐकला होता. निचिदात्सु फुजी हे बौद्ध भिक्षू १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या संघातले एक भिक्षू आश्रमात येऊन राहिले. नेमून दिलेलं काम ते मन लावून करत, कशानेही चिडत नसत आणि छोटा ढोल वाजवत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ म्हणत.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरला आणि सरकारने त्या भिक्षूंना आश्रमातून नेलं. ढोल तेवढा मागे राहिला. शत्रूच्या देशाचा म्हणून तो कुणीही अडगळीत टाकला असता. आश्रमाने टाकला नाही. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्याच्याच ठेक्यावर सुरू होत राहिली.

१८ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी जपानी जनतेला पत्र लिहिलं. चीनवरच्या आक्रमणाचा त्यांनी रोखठोक निषेध केला. हिंदुस्थानात तुमचं स्वागत होईल या भ्रमात राहू नका, असंही बजावलं. त्याच पत्रात त्या भिक्षूंची आठवण त्यांनी जिवलग सहकाऱ्याची काढावी तशी काढली आणि त्यांच्या ढोलाचाही उल्लेख केला. आक्रमणाला आक्रमण म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही आणि माणसाला आपलं म्हणतानाही अडखळली नाही.

आपण मात्र एकाच्या आगळिकीवरून अख्ख्या मोहल्ल्याशी बोलणं टाकतो.

तात्पर्य : इंजिन जिकडे जुंपावं तिकडे ओढतं, कुणाकडे जायचं हे माणसाला ठरवता येतं. अन्यायाशी पुरतं लढावं, पण अन्याय करणाऱ्याच्या गावच्या, जातीच्या, देशाच्या प्रत्येक माणसाला त्याची शिक्षा देऊ नये.